आदरार्थी ‘आपण’

येरवड्यातल्या त्या दोन शिक्षकी शाळेत पूर्णिमाबाई तिसरीला मराठी शिकवत. अर्धा वर्ग घरी हिंदी बोलणारा, अर्धा ‘हाय-न्हाय’वाला, पण मोठ्यांना ‘तू’ म्हणण्यात सगळ्यांची एकी. मोठ्या माणसाला ‘आपण’ म्हणायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात शिरवताना बाईंच्या नाकी नऊ आले होते.

अशा छोट्या शाळांना भाषेच्या तासाला मदत म्हणून वरून जगदाळे सरांची नेमणूक झाली होती. ते आले, खडू हातात घेतला आणि ‘शिक्षकाने कमी बोलावं, मुलांना बोलू द्यावं’ या विषयावर मधल्या सुट्टीपर्यंत बोलले. मुलं हाताची घडी घालून गप्प. बाई खिडकीशी उभ्या राहून मान डोलावत होत्या. मान डोलावण्यात त्यांची आताशा बरीच प्रगती झाली होती.

शेवटी सरांनी पहिल्या बाकावरच्या अलिझाला विचारलं, “वर्गात सगळ्यात जास्त कोण बोलतं, बाळ?”

अलिझा उभी राहिली. “आपण, सर.”

“वा! म्हणजे आपण सगळी मुलं!” सर खूश झाले, चहा पिऊन निघून गेले.

बाईंना हसू आवरेना. शिकवलेला ‘आपण’ पोरीने अचूक वापरला होता, आणि तो साहेबांच्या डोक्यावरून गेला होता.

“सगळ्यात जास्त बोलतात ते सरच ना गं?” त्यांनी अलिझाला हळूच विचारलं.

“आज सर,” अलिझा अदबीने म्हणाली. “रोज आपण, बाई.”