कर्टला पळताना बघायचं होतं

व्हर्नाने टीव्हीची वायर भिंतीतून उपटली तेव्हा लाईलने आवाज चढवला नाही. तो खुर्चीतून उठला, भिंत चाचपत आला आणि गुडघ्यांवर बसून वायरचं टोक शोधू लागला.

“ऊठ. या वयात गुडघे फोडून घेशील.”

“तू लाव, मग उठतो.”

“तो सामना मला या घरात नकोय, लाईल.”

“माहितीये. पण डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलंस ना? उरलीसुरली नजरही उन्हाळ्यापर्यंत जाईल. एकदा पोराला पळताना बघू दे गं. फोटोत तो पळत नाही.”

इंडियानात मार्च उजाडला की स्थानिक वाहिनी दर रविवारी दुपारी कॉलेज बास्केटबॉलचे जुने, गाजलेले सामने दाखवायची. आज १९८३चा होता. त्या सामन्यात त्यांच्या मुलाचा, कर्टचा संघ एका गुणाने मागे होता, वेळ संपली होती आणि कर्टला दोन फ्री थ्रो मिळाले होते, म्हणजे कुणी न अडवता रेषेवरून टाकायचे एकेका गुणाचे दोन चेंडू. प्रेक्षकांत बसलेल्या व्हर्नाला बघवेना, ती उठून बाहेर गेली. दोन्ही चुकले. त्याच रात्री घरी येताना कर्टची गाडी पुलावरून नदीत कोसळली. रस्ता कोरडा होता, पूल रुंद. अपघात, असं सगळे म्हणाले. व्हर्नाने ते कधी खोडलं नाही आणि कधी मानलंही नाही.

तिने वायर लावली.

“कुठला आपला?” लाईलने खुर्ची पडद्याला जवळजवळ चिकटवली. “नुसते ठिपके पळतायत.”

“बारा नंबर. डावीकडे. केस विंचरलेले नाहीत.”

“कधी विंचरले होते?”

ती आधी तुटक सांगत होती. मग हळूहळू पुढे सरकली, भरभर बोलू लागली.

“त्याच्याकडे आला चेंडू... वळला... अरे, ढकललं की मेल्यांनी! पाडलं त्याला!”

कर्ट रेषेवर उभा राहिला. व्हर्नाने लाईलचा दंड घट्ट धरला.

“टाक रे राजा. टाक, टाक...”

पहिला कडीवर आदळून बाहेर गेला. दुसराही.

ती दाराकडे निघाली. लाईलने हवेत चाचपडत तिची बाही पकडली.

“जाऊ नकोस. पुढचं मला कोण सांगणार?”

ती थांबली. पडद्यावर दुसऱ्या संघाची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. कर्ट रेषेवरच उभा होता. मग त्याने मान वर केली आणि प्रेक्षकांत कुणाला तरी शोधू लागला. कॅमेरा त्याच्या नजरेमागे गेला: तिसऱ्या रांगेत लाईल, काळ्याभोर केसांचा, दोन्ही हात उंचावून पोराला खुणावत होता. शेजारच्या खुर्चीवर व्हर्नाचा हिरवा कोट होता. नुसता कोट.

पुन्हा कर्ट दिसला. तो बापाकडे बघत नव्हता. बराच वेळ त्या कोटाकडे बघत राहिला आणि मग त्याची मान खाली गेली.

“काय करतोय?” लाईलने विचारलं. त्याची नजर पडद्याच्या जरा बाजूला, भिंतीवर होती.

व्हर्ना परत त्याच्या शेजारी बसली.

“हसतोय,” ती म्हणाली. “तुझ्याकडे बघून हसतोय.”

लाईलने तिची बाही सोडून तिचा हात हातात घेतला.

“हो,” तो म्हणाला. “मलाही तसंच आठवतंय.”