खाणीच्या वळणावरची स्टेपनी

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. पाचवे चाक म्हणा, जादाचे चाक म्हणा, मला राग येणार नाही. चार वर्षे पिकअप गाडीच्या पोटाखाली साखळीने लटकून काढली की मानअपमानाचे काही वाटेनासे होते. पण आज माझ्याने गप्प बसवत नाही. काल मी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर धावले, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आम्ही पाच भावंडे. एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून बाहेर पडलो. अंगाला नव्या रबराचा वास होता आणि अंगभर केसांसारखी बारीक रबरी लव होती. चौघे भाऊ नव्या कोऱ्या पिकअपला लागले आणि मी खाली टांगली गेले. मला तेव्हा रडू यायचे. पुढे भावांची जी शोभा झाली ती पाहून वाटले, झाले ते बरेच झाले.

गाडी घेतली एका काचवाल्याने. खिडक्यांच्या आणि दुकानांच्या काचा कापून बसवणे हा त्याचा धंदा. एक लांबट खोली, मधे जाड कापड अंथरलेले टेबल, भिंतीला उभ्या टेकवलेल्या काचा आणि कोपऱ्यात तुकड्यांचे पिंप, एवढा त्याचा पसारा. गाडीच्या हौद्यात तिरक्या लाकडी चौकटी ठोकल्या होत्या, त्यांना टेकवून काचा उभ्या न्यायच्या. काच आडवी नेली की गेलीच, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. काचवाला काच कापे आणि त्याची थोरली मुलगी गाडी चालवी. तिला सगळे ताई म्हणत, तिच्या वडिलांना बाबा म्हणत. मीही तेच म्हणते.

ताईची एक सवय होती. महिन्याच्या पहिल्या दिवशी ती हवा मोजायचे छोटे यंत्र घेऊन पाचही चाकांपाशी बसे. माझ्यासाठी तिला गाडीखाली आडवे व्हावे लागे. बाबा दारातून चेष्टा करत, "जी चालतच नाही तिला हवा कशाला? न केलेल्या भाजीला मीठ घालतेस तू." ताई हसे आणि केसांतली धूळ झटकत माझी हवा पुरी करे.

आता आमचा दोष सांगते. घरची गोष्ट आहे म्हणून झाकणार नाही. नाव मोठे, लक्षण खोटे, अशी आमची जात होती. कोरड्या, सपाट रस्त्यावर आम्ही गुळगुळीत पळायचो आणि डिझेलही वाचवायचो. पण रबर कडक, खाचा उथळ. जरा ओले दिसले की हातपाय गाळलेच.

आणि ओले तर रोज दिसायचे. गावाबाहेर दगडाची खाण आहे. तिथून धुतलेली खडी भरून ट्रक निघतात आणि वळणावर पाणी सांडत जातात. भर उन्हाळ्यात, डोक्यावर ऊन तळपत असताना, ते उताराचे वळण पिठूळ चिखलाने माखलेले असते. ताईने ते वळण पाठ केले होते. आधीच गियर खाली घ्यायचा, वळणात ब्रेकला पाय लावायचा नाही, आणि स्टिअरिंग असे फिरवायचे की जणू हातात काठोकाठ भरलेले दुधाचे पातेले आहे. चार वर्षांत एका काचेला ओरखडा गेला नाही. ती मात्र बाबांना सारखी सांगे, "बाबा, टायर बदलूया. हे ओल्यावर धरत नाहीत."

"कंपनीने दिलेत ते," बाबा म्हणत. "गाडी बनवणाऱ्यापेक्षा तुला जास्त कळतं?"

मग तो दिवस आला. दवाखान्यात नव्या बाळांची एक खोली आहे, तिच्या खिडकीसाठी बाबांनी आजवरची सर्वांत मोठी काच कापली होती. बाहेर उभ्या राहिलेल्या आजी-आजोबांना बाळ दिसावे म्हणून ती खिडकी. बाबा शेजारी बसले होते. वळणावर अचानक एक कुत्रे आडवे आले, ताईला ब्रेक दाबावा लागला, आणि माझे चौघे भाऊ साबणासारखे सुटले. मागचे चाक कडेच्या दगडावर आदळले. कुत्रे वाचले, माणसे वाचली. काच तेवढी राहिली नाही. हौद्याचे फळकूट उघडले गेले होते, तिथून अर्धी काच रस्त्यावर ओतली गेली.

त्या घराचा एक नेम होता. काच फुटली की आधी तुकडे उचलायचे, मग बोलायचे. अगदी लहानसा तुकडासुद्धा पोत्यात गेला पाहिजे. त्या दिवशी बाबा आधी बोलले. बोलता बोलता पायानेच तुकडे कडेला सारले आणि हात पुढे केला. "किल्ली दे. आजपासून गाडी मी चालवणार. तू टेबलापाशी बस."

ताईने किल्ली दिली. तिचा चेहरा मला खालून दिसत नव्हता, पण तिचे पाय कितीतरी वेळ एकाच जागी उभे होते. गाडी म्हणजे तिचा जीव की प्राण. मला ओरडून सांगावेसे वाटले, तिचा दोष नाही हो, आमचा आहे. पण स्टेपनीचे ऐकतो कोण?

बाबांनी आठ दिवस गाडी चालवली. आठव्या दिवशी त्याच वळणावर, हौदा रिकामा असताना, गाडीचे मागचे अंग गर्रकन फिरले आणि ती एका पाण्याच्या टँकरसमोर आडवी थांबली. रस्त्यात कुत्रे नव्हते, मांजर नव्हते. ताई शेजारी बसली होती. बाबांनी घाम पुसला आणि गाडी सरळ टायरवाल्याकडे नेली.

काय सांगू तो दिवस! टायरवाल्याने भावांच्या अंगावर नख दाबून पाहिले आणि हसला. "काका, हे पळायला चांगले, थांबायला नाहीत. ताई यांच्यावर चार वर्षं काच नेत होती? कमाल आहे." बाबांनी खिशातून पाकीट काढले. मग नवे टायर आले. त्याच मापाचे, पण खाचा अशा खोल की बोट बुडावे. नट कसले जात होते तसतसा माझा ऊर भरून येत होता. पाचवा घ्यायचा का, असे टायरवाल्याने विचारले. "ती खालची राहू दे," बाबा म्हणाले. "वापरलेलीच नाही." भावांना मात्र त्यांनी टाकले नाही. त्यांच्या कडांचे रबर कापून पट्ट्या केल्या आणि हौद्यातल्या चौकटींवर ठोकल्या, काच सरकू नये म्हणून. रस्त्यावर घसरणारे माझे भाऊ आता काच धरून बसणार होते!

किल्ली मात्र बाबांच्या खिशातच राहिली. "टायर नवे आहेत, आधी मी बघतो," ते म्हणाले.

काल दवाखान्याची नवी काच निघाली. बाबा चालवत होते. वळण आले आणि नव्या टायरांनी रस्ता असा धरला की मीच खाली टाळ्या पिटल्या असत्या. बाबा खूश झाले. समोरून खडीचा ट्रक आला, त्याला वाट द्यायला त्यांनी गाडी अगदी कडेला घेतली, आणि पुढचे डावे चाक फुस्सकन बसले.

बाबा उतरले. टायरमध्ये बोटभर लांब, हिरव्या कडेचा तुकडा रुतला होता. काचवाल्याला आपली काच ओळखायला वेळ लागत नाही. "माझीच आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी उचलली असती तर..."

"आधी उचलूया, मग बोलूया," ताई म्हणाली. दोघांनी कडेचे सगळे तुकडे पोत्यात भरले. मग ताई गाडीखाली शिरली आणि तिने माझी साखळी सोडली. अंगठ्याने दाबून पाहिले. हवा टणक होती. ती हवा तिनेच भरलेली, दुसऱ्या कुणाची?

मी चाकाच्या जागी बसले. बाबा आत चढले, किल्लीला हात लावला आणि परत खाली उतरले. निम्मे वळण अजून बाकी होते.

"या जातीच्या टायरवर मी आठ दिवस चालवलं आणि गाडी आडवी घातली," ते म्हणाले. "तू चार वर्षं चालवलंस. तूच घे."

"हळू नेईन हं. नंतर बैलगाडी केली म्हणू नका."

"नाही म्हणणार."

आणि मित्रांनो, मी धावले! खडी टोचली, चिखल उडाला, ऊन लागले, सगळे पहिल्यांदाच. वळणाच्या ऐन पोटात माझ्याखाली पाणी आले आणि माझा पाय सुटू लागला. शेवटी मी त्याच साच्यातली. मला भीती वाटायच्या आत ताईच्या हातांना ते कळले होते. तिने ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग किंचित सैल सोडले, आणि तिघा नव्यांनी मला सांभाळून घेतले. मागे चौकटीवर माझे चौघे भाऊ काच घट्ट धरून होते. आम्ही पाचही भावंडे त्या वळणावर पहिल्यांदा एकत्र कामाला आलो. काच साधी कुरकुरलीही नाही.

दुपारी काच दवाखान्याच्या खिडकीत बसली. येताना नव्या टायरचे पंक्चर काढून घेतले आणि मी पुन्हा माझ्या साखळीला लागले. घरी आल्यावर बाबांनी किल्ली मागितली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी गाडी असेल. ती घसरली तर चालवणाऱ्यावर ओरडण्याआधी खाली वाकून चाके पाहा. आणि महिन्यातून एकदा तरी माझ्यासारखीची हवा तपासा. आम्ही चांगल्या असू, सुमार असू, पण हवा असली तर वेळेला उभ्या राहू.

आज महिन्याचा पहिला दिवस. सकाळी कुणीतरी कण्हत कण्हत गाडीखाली आडवे झाले. ताईची सवय मला ठाऊक आहे, पण ती असे कण्हत नाही. पाहते तर बाबा, हातात ते छोटे यंत्र.

"बाबा, काय करताय?" ताईने दारातून विचारले.

"भाजीला मीठ घालतोय," बाबा म्हणाले.