किल्ल्या कोण घेणार

माझी भाची अतिदक्षता विभागात नर्स आहे. हल्ली घरी असली तरी दाराची बेल वाजली की दचकून उठते आणि भिंतीवर यंत्राचा भोंगा बंद करायचं बटण शोधायला लागते. मला चहाचा कप देताना मनगट धरून ठेवते. नाडी बघतेय, हे तिचं तिलाही कळत नाही. मध्यंतरी तिच्या हातून एका पेशंटला भलतंच औषध जाता जाता राहिलं. शेजारच्या नर्सने हात धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, "मावशी, मला थोडे दिवस वॉर्डाबाहेर काढायला सांग गं. माझ्या हातून कुणीतरी मरेल."

त्याच हॉस्पिटलात मी उभा जन्म काढला. आमची जुनी मेट्रन तोंडाने जहाल होती. पण एखादीचा हात थरथरताना दिसला की भाषण न देता तिला चादरींच्या खोलीत घड्या घालायला पाठवायची. महिनाभर घड्या घालून पोरगी माणसात यायची. आता चादरी बाहेरून घड्या होऊनच येतात, आणि नर्सेससाठी आनंद कक्ष निघाला आहे.

तो कक्ष म्हणजे आमची विसाव्याची खोली. तिथल्या दोन खाटा काढून टाकल्या, भिंत पिवळी केली, तिच्यावर हसरे गोल चेहरे चिकटवले आणि फुगीर पिशव्या टाकल्या. पाळीभर उभं राहून गुडघे गेलेल्या बाईने त्या पिशवीत बसायचं आणि उठायला दोघींना हाका मारायच्या. आनंदाचा तास ड्युटी संपल्यावर, तोही सक्तीचा. जन्मात बेडपॅन न उचललेला एक सूटवाला येऊन सांगतो, "समस्या तुमच्या दृष्टिकोनात आहे." खरंच असेल. दोघींच्या वाटचे पेशंट एकटीच्या गळ्यात दिसतात, ते दृष्टिकोनामुळेच.

त्या दुपारी मी भाचीला न्यायला गेले. तिची पाळी संपली होती, पण पुढच्या पाळीची नर्स आलीच नव्हती, म्हणून तिला तसंच थांबवून घेतलं होतं. मला बघताच ती उठली आणि तडक मेट्रनच्या ऑफिसात शिरली. मी मागोमाग. ही आताची मेट्रन माझ्याच हाताखाली शिकलेली. सगळ्या तिला साखरबाई म्हणतात.

"या या, सिस्टर! आमचा आनंद कक्ष पाहिलात?"

"पाहिला. खाटा कुठे गेल्या?"

"तुमचं आपलं काहीतरीच!"

भाचीने किल्ल्या पुढे केल्या. जहाल औषधांच्या कपाटाच्या. त्या कधी टेबलावर ठेवायच्या नसतात, हातातून हातातच द्यायच्या. ज्याने घेतल्या, वॉर्ड त्याचा.

"मॅडम, या घ्या. मला पुढची पाळी झेपणार नाही."

साखरबाईचे दोन्ही हात टेबलाखाली गेले. "ताप आहे का?"

"नाही."

"बीपी?"

"नॉर्मल."

"मग? नुसतं मनाचंच आहे ना?" जणू मन शेजारणीचं होतं. "अगं, मी तर तुझं नाव आनंददूत म्हणून वर कळवलंय. ड्युटी सांभाळून बाकीच्या मुलींना हसतं ठेवायचं."

"त्याचं काय मिळतं?" मी विचारलं.

"बॅज."

एवढ्यात वॉर्डातली दुसरी नर्स धावत आली. "किल्ल्या दे गं! कोपऱ्यातल्या आजोबांना कळ सोसत नाहीये. इंजेक्शन काढायचंय, आणि तूही चल. मी एकटी कुठे कुठे पुरू?"

सवयीने भाची दाराकडे वळली. मग थांबली. तिच्या हातात किल्ल्या खुळखुळत होत्या, मुठीत धरल्या तरी थांबेनात. तिने तो हात साखरबाईच्या नाकासमोर धरला.

"मॅडम, तुमच्या वडिलांना या हाताने टोचू द्याल?"

साखरबाईने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मी निवृत्त आहे. हात पुढे कर. म्हातारा कळवळतोय तिकडे."

केला एकदाचा. किल्ल्या घेतल्या आणि टाचा वाजवत वॉर्डाकडे गेली. कित्येक वर्षांनी वॉर्डात उभी राहिली असेल. आणि काय चमत्कार, इतका वेळ जिथे माणूस मिळत नव्हता, तिथे बाईसाहेब स्वतः अडकल्याबरोबर बदली नर्स हजर झाली.

दोन महिन्यांची रजा मंजूर झाली. कारण लिहिलं होतं, कंबरदुखी. मी साखरबाईला फोन करून खडसावलं, तर म्हणे, "सिस्टर, मनाचं कसं लिहू? आनंद कक्ष झाल्यापासून आपल्याकडे कुणाला ताण नाही, असं वर कळवलंय."

"असू दे मावशी, कंबर तर कंबर," असं म्हणून भाची कूस बदलून झोपली.

आठवड्याने साखरबाईचाच फोन. आवाजात साखर दोन चमचे जास्तच. "कशी आहे हो तिची कंबर?"

"काल पोटभर रडली," मी म्हटलं. "आज नीट जेवली. आता झोपलीये, उठवू नकोस."