सहा बोटांचा हातमोजा

“डॅडी, हे काय शिवलंय तुम्ही?” बेव्हर्लीने इवलासा पांढरा हातमोजा दिव्याखाली धरला. “सहा बोटं? फ्रायडेला बेबीचं ऑपरेशन आहे. बाप्तिस्मा त्यानंतर.”

“आहेत तेवढी शिवली,” कॅस्मिर म्हणाला.

दुबईत, देऱ्यातल्या एका हॉटेलात तो गणवेश शिवतो. मापाबाहेर त्याने उभ्या जन्मात काही शिवलं नाही. आता नातीच्या डाव्या करंगळीशेजारी आणखी एक बोट आहे, त्याला तो काय करणार!

त्याच्या बायकोला, रोझलिनलाही होतं. लग्नाआधी ती त्याच हॉटेलात वेट्रेस होती. पांढरे हातमोजे सक्तीचे. पहिल्याच दिवशी हात पाठीमागे लपवून ती शिवणखोलीत आली. कॅस्मिरने काहीएक न विचारता सहावं बोट शिवून दिलं आणि तिथेच सगळं जमलं. तिला जाऊन दोन वर्षं झाली, पण झोपेत त्याचा हात अजून तिचा हात शोधतो.

परवाच डॉक्टर शुभ्रांनी रिपोर्ट समजावला होता. “अंकल, जीएलआय-थ्री नावाचा हा जीन म्हणजे मुकादम. पेशीला निरोप आला की कुठल्या जीनने काम करायचं, कुठल्याने गप्प बसायचं, ते हा ठरवतो. तुमच्या मिसेसच्या जीनमध्ये जरासा बदल होता. तो बेव्हर्लीत आला, तिच्यातून बाळात. बोट काढलं तरी तो आत राहणारच.”

कॅस्मिरला शेवटचं तेवढं नीट कळलं होतं.

“राहू दे ना बाय ते बोट,” तो आता म्हणाला.

“माझं का नाही राहू दिलं?” बेव्हर्लीने करंगळीजवळचा व्रण पुढे केला. “मम्मीनेच काढायला लावलं. स्कूलमध्ये तिला काय काय ऐकायला लागायचं, माहितेय ना? तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.”

“तेव्हा तुझी मम्मी होती. मला धरायला तिचं बोट होतं.”

बेव्हर्ली त्याच्याजवळ येऊन बसली. “आय मिस हर टू, डॅडी. पण हात बेबीचा आहे.”

नात उठल्यावर त्याने हातमोजा तिला घालून पाहिला. अगदी बेताचा बसला. तिने सहाही बोटांनी त्याचा अंगठा धरला आणि खलास, म्हातारा रडला.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. जखम भरली. बाप्तिस्म्याच्या सकाळी हातमोज्याचं रिकामं बोट लोंबू लागलं.

“कापून टाका ना ते,” बेव्हर्ली हळूच म्हणाली.

कॅस्मिरने कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. त्याने ते बोट आत दुमडलं, वरून बारीक टीप घातली. बाहेरून बघणाऱ्याला पाचच दिसत होती.