शून्य सोडून

“दीपमाला टेलर्स? ते काय, समोरच.”

पानवाल्याने बोट दाखवलं, तरी लालासाहेब सर कोरेगावच्या त्या रस्त्यावर जरा वेळ उभेच राहिले. गेल्याच महिन्यात ते औंधच्या कॉलेजातून निवृत्त झाले होते. अकरावी-बारावीला गणित शिकवण्यात तीस वर्षं सरली. आता सकाळ कुठे संपते आणि दुपार कुठे लागते, हेच कळेनासं झालं होतं. त्या झोपाळू दिवसांत एका विद्यार्थिनीचा परीक्षेतला जुना पेपर डोळ्यांपुढे सारखा तरंगत यायचा. आज एस.टी.च्या खिडकीबाहेर ऊस संथ मागे सरत होता, आणि त्या हिरव्यावरही सरांना तोच पेपर दिसत होता.

नोकरीचं दुसरं वर्ष. एका फंक्शनमध्ये दुसरं फंक्शन घालायचं आणि त्याचं डोमेन सांगायचं, म्हणजे त्यात कोणकोणत्या संख्या चालतील ते. आत एक छेद एक्स, बाहेरही एक छेद एक्स. उलट्याचं पुन्हा उलटं होऊन उत्तर उरतं नुसतं एक्स. त्यात काय, कुठलीही संख्या चालेल! पण दीपमालाने लिहिलं होतं, ‘शून्य सोडून सगळ्या.’ सरांनी ‘शून्य सोडून’वर तांबडी रेघ ओढली आणि दोन मार्क कापले.

पुढच्या वर्षी एका वयस्क सहकाऱ्याने बोलता बोलता ती चूक दाखवली. शून्याने भागता येत नाही, म्हणून शून्य आतल्या फंक्शनलाच अडतं. शेवटचं उत्तर कितीही सरळ दिसो, शून्य तिथवर पोचतच नाही. पोरगी बरोबर होती. तोवर ती लग्न होऊन कोरेगावला गेली होती. तिथे ती स्वतःच्या नावाचं शिवणाचं दुकान चालवते, हे सरांना अलीकडेच कळलं होतं.

सर पायरी चढले तसं मशीन थांबलं.

“अगं बाई, सर! बसा की. च्या सांगते.”

“चहा राहू दे. दीपमाला, तुझं उत्तर बरोबर होतं. ते शून्याचं. मी चुकलो होतो.”

कुठलं उत्तर, असं तिने विचारलं नाही. मांडीवरच्या कापडाची चुणी ती सावकाश सरळ करत राहिली.

“मला तवाच म्हाईत हुतं, सर.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले हुते की. पेपर वाटले तवा उभी ऱ्हाऊन सांगितलं, शून्य आतच जात न्हाई म्हणून. तुमी ‘बस खाली’ म्हणालात.”

हे सरांना आठवतच नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी रेघ तेवढी लक्षात ठेवली होती.

“माझ्यामुळं शिक्षण सुटलं का गं तुझं?”

“न्हाई वो. लगीन आदीच ठरलं हुतं.” तिने चुणी पुन्हा दाबली. “आण्णांसंगं रोज भांडायची मी, शिकू द्या म्हणून. त्या दिसापास्नं न्हाई भांडले.”

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला.

“एक गणित घाला की, सर,” ती एकदम म्हणाली.

“आत एक्सचं वर्गमूळ,” सर म्हणाले, “बाहेर वर्ग. कोणकोणत्या संख्या चालतील?”

तिने टेबलावर काळं कापड पसरलं आणि खुणांचा खडू घेतला. इतक्यात एक बाई ब्लाउजपीस घेऊन दारात आली.

“जरा थांबा, वैनी,” दीपमाला मान वर न करता म्हणाली. “पेपर चाललाय माजा.”

सर खुर्चीवरून उठले आणि तिचं लिहून होईपर्यंत भिंतीशी उभे राहिले.