चौथ्या पुस्तकातली सातवी पायरी

कल्याणला बदली झाली तेव्हा माझ्या पेटीत लुगड्यांखाली सात पुस्तकं होती, 'जळनगरीच्या गोष्टी'. ठाण्याला माहेरी मी आणि दादाने ती इतकी वाचली होती की पुठ्ठे गळून पडले. पुढे ट्रेनिंग कॉलेजात जाडजूड ग्रंथ वाचले. पण मनात राहिली ती या गोष्टींतली दोन भावंडं, खाडीच्या तळाशी असलेलं नगर आणि माशांनी ओढलेल्या पालख्या.

इथे बोलायला कोणी नव्हतं. हे स्टेशनात तारमास्तर. जेवतानाही यांची बोटं पाटावर टकटकत. शेजारच्या गोदूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या. आमच्या गप्पांत तुमचा काय जीव रमणार?" आणि हळदीकुंकवाला बोलवायचं त्या सोयीस्कर विसरल्या.

म्हणून दुपारी मी रतनला गोष्टी वाचून दाखवू लागले. सहा वर्षांची माझी मुलगी मांडीला टेकून ऐकायची. तेवढा वेळ घर भरल्यासारखं वाटे.

चौथ्या पुस्तकात भावंडं ओहोटीला बंदराच्या पायऱ्या उतरतात. डोळे मिटून सातवी पायरी घेतली की पाण्यात दार उघडतं. लहानपणी इथे मी टाळ्या पिटल्या होत्या. आता वाचताना आमच्या खिडकीतून दिसणारी खाडी आणि तिथल्या बंदराच्या पायऱ्या आठवल्या, पण रतनचे डोळे असे लकाकत होते की थांबवेना.

तिसऱ्या दिवशी मासळीवाली रखमाबाई रतनला दंडाला धरूनच घेऊन आली. "बाय गो, तुजी पोर डोले मिटून पान्यान उतरत होती! कालेजात पोरी सांबालायला नाय शिकवीत काय?"

रतनचा परकर गुडघ्यापर्यंत ओला होता. मी तिला जवळ ओढलं, आणि मग एक चापटही मारली.

दुपारी मी खळ शिजवली आणि ती पानं एकमेकांना चिकटवून टाकली. तिला म्हटलं, "मी चुकीचं वाचलं होतं. खरं म्हणजे ते दार कायमचं बंद होतं आणि मुलं घरी येतात."

"मग उरलेली तीन पुस्तकं कशाची?"

मी खळीचं भांडं घासायला घेतलं.

त्यानंतर ती माझ्याजवळ बसेना. खाडीकडच्या खिडकीशी जाऊन बसे. पुस्तक उघडलं तर म्हणे, "तू खोटं वाचतेस." मी दाराला कडी लावून स्वयंपाक करी आणि दर दोन मिनिटांनी वळून बघे. तिला किती दिवस अशी कोंडणार होते?

पाचव्या दिवशी भात शिजत असताना चिकटलेली पानं वाफेवर धरली. हळूच सोडवली. काही अक्षरं खळीबरोबर निघून आली. तीही मी आठवणीतून, न अडखळता तिला वाचून दाखवली आणि म्हटलं, "चल. आत्ता ओहोटी आहे."

ती खिडकीपासून उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

बंदराच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या झाल्या होत्या. मी तिचा हात घट्ट धरला. ती मोठ्याने मोजत उतरली. सातवीवर पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं. तिने डोळे मिटले, आणि तिचा हात माझ्या मुठीतून किंचित पुढे ओढला गेला. मी सोडला नाही.

थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"नाही उघडलं."

"नाही."

"तू होतीस म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. "आईला धरून कोणी जातं का?"

काठावर मी पदराने तिचे पाय पुसले. तिथेच बसून म्हटलं, "रतन, मला एक वचन दे. एकटी इथे येणार नाहीस."

तिने परकराचं ओलं टोक पिळलं. "येणार नाही असं नाही म्हणत. पण निघताना तुला सांगेन."

"आधी सांगशील? नक्की?"

"नक्की. मग तू हात धर. पण दार दिसलं की सोडायचा."

"आणि परत कधी येशील?"

"ते मला काय ठाऊक? पाचव्यात असेल. घरी जाऊन वाच ना."

घरी आलो. दाराची कडी मी लावली नाही. ती मांडीला टेकली नाही, पण हाताच्या अंतरावर येऊन बसली. मी पाचवं पुस्तक उघडलं आणि एकही शब्द न गाळता वाचू लागले.