माझ्या पन्हळीचे कोपरे

मी एका बारचा काउंटर बोलतोय. लोक मला संगमरवर समजतात आणि मी समजू देतो. खरं म्हणजे राळेत दगडाची भुकटी कालवून कारखान्यात माझा पांढरा तक्ता ओतला, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन भावांच्या वर्कशॉपमध्ये आणून टाकला.

थोरला भाऊ काम करायचा आणि धाकटा गिऱ्हाइकांशी बोलायचा. धाकट्याला सगळे शेठ म्हणत. थोरला मात्र त्याला छोट्या म्हणे, गिऱ्हाइकासमोरसुद्धा. धाकट्याला ते सोसत नसे.

ग्लास भरणारी माणसं जिथं उभी राहतात, त्या बाजूनं माझ्यात एक लांब पन्हळ हवी होती. चार इंच रुंद, बोटभर खोल. ग्लास तिच्यात ठेवून भरायचे, सांडलेलं तिच्यातच राहायचं.

थोरल्यानं माझ्या पोटात लांबलचक भोक कापलं. मग माझ्याच तुकड्यांच्या पट्ट्या खालून चिकटवून पन्हळीच्या भिंती आणि तळ केला. चिकटा माझ्याच रंगाचा होता. दुसऱ्या दिवशी तो घासायला बसला. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. जोड कुठे होता ते मलाही कळेना. पन्हळीचे चारही कोपरे त्यानं आतून गोल ठेवले, अंगठा नीट टेकेल इतके.

तेवढ्यात इंटिरियरवाल्या मॅडम बघायला आल्या. त्यांनी नाक मुरडलं.

"ही काय साबणदाणी आहे का? मला काटकोन हवेत."

"आतला कोपरा टोकदार केला की सगळा ताण तिथंच येतो, मॅडम," थोरला म्हणाला. "एकाच जागी गरम ग्लास आणि बर्फ. तडा जाणार म्हणजे जाणार. छोट्या, सांग की यांना."

'छोट्या' ऐकून मॅडमना हसू आलं. धाकट्याचे कान लाल झाले.

"दादा, मॅडम पाच वर्षं हेच शिकल्यात. तू शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी मारून आलायस."

सगळे हसले. थोरलाही थोडा हसला. पण त्यानं कोपऱ्यांना हात लावला नाही.

त्या वर्कशॉपची एक रीत होती. ज्याचा हात शेवटचा, त्यानं वस्तूच्या पाठीवर आपली खूण करायची. पुढं काही बिघडलं तर जबाबदार तोच. थोरल्यानं मला उलटं केलं आणि पेन्सिलीनं एक लहानशी मासोळी काढली. डोळा काढायलाही विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी तो डोळे तपासायला दवाखान्यात गेला. धाकट्यानं दार ओढून घेतलं, पटाशी आणि कानस उचलली, आणि चारही कोपरे काटकोनी केले. एका कोपऱ्यात पटाशी जरा जास्तच खोल गेली. मग त्यानं मला पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. थोरला परत येईपर्यंत मी टेंपोत होतो.

तीन महिने मी निभावून नेलं. धुण्याच्या यंत्रातून वाफाळते ग्लास यायचे, त्यांच्या शेजारी बर्फ सांडायचा. एका सकाळी त्या खोल कोपऱ्यातून निघालेला तडा माझ्या पुढच्या कडेपर्यंत पोचला. आत दारू मुरायला लागली आणि मला आंबूस वास यायला लागला.

मॅडमनी दोघा भावांना बोलावून घेतलं. बार अजून उघडायचा होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या होत्या.

"बघा तुमचं काम."

धाकटा लगेच म्हणाला, "दादाचे हात हल्ली थरथरतात, मॅडम. मी कितीदा सांगितलं, आता बस कर."

थोरल्यानं कोपऱ्यात अंगठा घातला. तो टेकेना. त्यानं पुन्हा घालून पाहिला.

"हा कोपरा माझा नाही," तो म्हणाला.

"खाली जाऊन बघ ना. मासोळी कुणाची आहे?" धाकटा म्हणाला.

थोरला माझ्याखाली शिरला आणि त्यानं मोबाइलचा उजेड पाडला. त्याला सगळं कळलेलं होतं. पेन्सिलीची मासोळी होती तशीच होती. तिच्यापलीकडे त्याला फक्त भावाचे पाय दिसत होते. उजवा पाय सारखा हलत होता, घरातलं काहीतरी फोडून आईसमोर उभ्या राहिलेल्या पोरासारखा. थोरला त्या पायाकडे बघत राहिला. आता हा बाहेर येऊन बोलेल, असं मला वाटलं.

"माझीच आहे," तो खालूनच म्हणाला.

मग त्यानं मला दुरुस्त केलं. तडा गेलेला भाग कापला, माझ्याच उरलेल्या तुकड्याचं ठिगळ बसवलं आणि चारही कोपरे पुन्हा गोल केले. त्यात पाच तास गेले. कुणी त्याला पाणी विचारलं नाही. हात मात्र एकदाही थरथरला नाही. हे फक्त मलाच माहीत आहे, कारण बघायला कुणी थांबलंच नव्हतं.

मॅडम आल्या. त्यांनी बोट फिरवलं.

"गोलच छान दिसतंय की. पहिल्यांदाच असं का नाही केलं?"

"मी सांगितलं होतं त्याला," धाकटा म्हणाला.

थोरला कागदाचे तुकडे गोळा करत होता. मॅडम गेल्यावर धाकट्यानं त्याच्या हातातलं कापायचं यंत्र घेतलं.

"दादा, उद्यापासून येऊ नकोस. मॅडमची अजून दोन कामं आहेत आणि त्यांना तू नकोयस. घरी बस, वहिनीला सोबत होईल."

"पातं नवीन आहे," थोरला म्हणाला. "जपून वापर. पहिले चार दिवस ओढतं." आणि तो गेला.

आता मी बरा आहे. लोक माझ्यावर कोपरं टेकतात, रडतात, खोटं बोलतात. धाकटा अधूनमधून दुपारी नवीन गिऱ्हाईक घेऊन येतो आणि म्हणतो, "यात जोड शोधून दाखवा." ती माणसं माझ्या अंगावर नखं फिरवतात. जोड सापडत नाही. मग तो हसून म्हणतो, "आमचा हात आहे हा." लगेच काम ठरतं.

तुम्ही कधी माझ्यापाशी आलात तर ग्लास कुठंही ठेवा, सांडलं तरी चालेल. तेव्हा तो धाकटा इथं असला, तर माझ्यासाठी एवढंच करा. त्याला सहज विचारा, तुमचा भाऊ हल्ली काय करतो. मला ठाऊक नाही, आणि माझ्यासमोर अजून कुणी विचारलेलं नाही.